झोपाळ्याच्या कड्यांवरून हिमालय

आंतरराष्ट्रीय पॅराग्लायडिंग स्पर्धेत माझं नाव लागलंय हे सोसायटीत कळलं, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचे काका मुद्दाम खाली आले.

"कुठल्या देशात?"

"हिमाचल प्रदेशात."

काकांचा चेहरा पडला. २०१५ चा वर्ल्ड कप तिथेच, बीर-बिलिंगला झाला होता, जगभरचे पायलट तिथे उडायला येतात, असं मी सांगून पाहिलं. "म्हणजे व्हिसा नाहीच," असं पुटपुटत ते जिना चढू लागले.

स्पर्धा ऑक्टोबरात. आणि पावसाळाभर कामशेतच्या टेकड्यांवर उडणं बंद. त्यामुळे आभाळात करायचा सराव मी नौपाड्यात, दुसऱ्या मजल्यावर करतोय. ग्लायडर घरात उघडायची सोय नाही. पंचवीस चौरस मीटर कापड, म्हणजे २७० चौरस फूट. ठाण्यात एवढ्या जागेला वन आरके म्हणतात आणि पार्किंगचे पैसे वेगळे घेतात. मी ते पाठीवरच्या बॅगेत घालून लोकलने हिंडतो. दारातले लोक ज्या नजरेने बघतात, ती नजर मला पाठ झाली आहे.

माझा प्रकार अ‍ॅक्युरसीचा. वर किती वेळ तरंगलात हे इथे कोणी विचारत नाही. उतरताना पाय पहिल्यांदा कुठे टेकला ते सेंटिमीटरमध्ये मोजतात. मधला ठिपका दोन सेंटिमीटरचा, जवळजवळ रुपयाच्या नाण्याएवढा. म्हणून मी पार्किंगमध्ये रुपया चिकटवला आणि जिन्याच्या दुसऱ्या पायरीवरून त्यावर टाच मारायचा सराव सुरू केला. पहिल्या दिवशी वॉचमन बघत बसला. दुसऱ्या दिवशी रुपया गेला. मग मी खडूने ठिपका काढला, तर तळमजल्यावरच्या आजींनी भोवती चार पाकळ्या रेखून हळदीकुंकू वाहिलं. आता त्यावर टाच कशी मारणार?

वजनाचं दुखणं निराळंच. ग्लायडरच्या लेबलवर कमाल वजन ९५ किलो छापलंय आणि त्यात पायलट, हार्नेस, हेल्मेट, बूट, खुद्द ग्लायडर, सगळं आलं. घरच्या काट्यावर बॅगेसकट उभं राहिलं की पोटापुढून आकडा दिसत नाही. शेवटी रद्दीवाल्याकडे गेलो. सत्याण्णव भरलं. "पेपर असता तर चांगले पैसे झाले असते," तो हळहळला. पुढ्यात गणपती, म्हणजे मोदक. त्यावर न बोललेलं बरं.

पण खरा सराव हॉलमध्ये. आमचं घर जुनं, झोपाळ्याच्या कड्या अजून शाबूत आहेत. झोपाळा काढून मी त्यांना हार्नेस लटकवला. हार्नेस म्हणजे पायलटची खुर्ची. तिच्यात बसून अंग एका बाजूला झुकवलं की ग्लायडर तिकडे वळतो. डोळे मिटून मी बीरच्या मैदानावर शेवटचं वळण घेत होतो. उंची साठ मीटर, वारा समोरून, दोन्ही हात ब्रेकवर. मांडीवर काहीतरी पडलं. डोळे उघडले तर गवार.

"बसलाच आहेस तर निवड," आई म्हणाली. "आणि शिरा नीट काढ, मागच्या वेळी सगळ्यांच्या दातात अडकल्या."

तेव्हापासून माझं प्रत्येक लँडिंग पाव किलो भाजीसकट होतं.

सरांनी रिझर्व्ह, म्हणजे ऐन संकटात उघडायचं पॅराशूट, फेकायचाही सराव करायला सांगितला होता. न बघता हँडल सापडलं पाहिजे, खेचलं पाहिजे आणि मोकळ्या हवेत लांब भिरकावलं पाहिजे. मी तसंच केलं. नौपाड्याच्या हॉलमध्ये मोकळी हवा कुठे असते याचा विचार मात्र केला नव्हता. पुडकं टीपॉयवरून घसरत थेट वाळत घातलेल्या कुरडयांवर गेलं आणि सुटलं. कोपऱ्यापासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पांढरं कापड आणि दोऱ्यांचं जंजाळ. आई पदर खोचून उभी. शब्द एकही नाही. त्यापेक्षा ओरडली असती तर परवडलं असतं.

रिझर्व्ह अधूनमधून उघडून पुन्हा भरायचा असतोच, आणि ते जाणकारानेच करायचं. रविवारी सर कामशेतहून घरी आले. सोफा गॅलरीत, टीव्ही पलंगावर. सर एकेक पट्टा सोडवून एकावर एक ठेवू लागले. आई दारातून बघत होती. पाचव्या पट्ट्याला तिला राहवेना.

"अहो, काठाला काठ लावा. अशा निऱ्या पडतात होय?"

ती खाली बसली. पुढचा अर्धा तास सर फक्त दोऱ्या धरून होते आणि दर घडी तपासून मान डोलावत होते. रबरबँड लागले, पुडकं पिशवीत गेलं. आईने वरून हात फिरवला.

"आता हे उघडणार कधी?"

"काकू, उघडायची वेळ येऊच नये," सर म्हणाले.

आईने माझ्याकडे पाहिलं. "मग कुरडयांवर कशाला उघडलास रे?"