‘अँथ्रॅक्स’मधली खरखर: दोष रेकॉर्डचा की सुईचा?

नमस्कार. माझ्या आधीच्या लिखाणावर तुमचे आक्षेप तीन: गँग ऑफ फोर या ब्रिटिश पोस्ट-पंक बँडची ‘एंटरटेनमेंट!’ (1979) ही रेकॉर्ड कोरडी वाजते, दुसऱ्या बाजूच्या शेवटी खरखर येते म्हणून प्रेसिंग (साच्यातून छापलेली प्रत) सदोष आहे, आणि ईएमआय या बड्या रेकॉर्ड कंपनीशी करार केलेल्या बँडने भांडवलशाहीवर बोलू नये.

कोरडेपणा रेकॉर्डिंगमध्येच आहे. गिटारवादक अँडी गिलला व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांच्या) ॲम्प्लिफायरची ऊब नको होती, तो ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर वापरायचा. गिटारचा फटका वाजतो आणि तिथल्या तिथे तुटतो. गाणं पुढे ओढतो तो डेव्ह ॲलनचा बास. तेव्हा ट्रेबल (उंच स्वर) उतरवून हे सुधारायला जाऊ नका. बासच गायब असेल, तर कार्ट्रिजच्या (सुई धरणाऱ्या डबीच्या) चार तारांपैकी एका चॅनलच्या दोन उलट जोडल्यात का ते बघा. फेज उलटली, म्हणजे दोन चॅनल एकमेकांच्या उलट हलू लागले, की आधी बास जातो.

आता खरखर. मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या वेगाला बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण 51 सेंटीमीटर खाच सरकते, लेबलजवळ जेमतेम 21. तेच उंच स्वर निम्म्याहून कमी जागेत दाटतात आणि गोल टोकाच्या सुईला ती वळणं नीट घेता येत नाहीत. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं ‘अँथ्रॅक्स’ नेमकं तिथे कोरलेलं आहे, आणि त्याची सुरुवातच गिटारच्या फीडबॅकने (ॲम्प्लिफायरच्या किंकाळीने) होते. शिवाय त्यात एकीकडे गायक जॉन किंग गातो, दुसरीकडे गिल प्रेमगीतांबद्दल सपाट आवाजात बोलत राहतो. चाचणीसाठी याहून वाईट गाणं नाही.

त्यापेक्षा पहिल्या बाजूचं पहिलं ‘ईथर’ आणि शेवटचं ‘गन्स बिफोर बटर’ लावा, आणि फक्त ‘स’, ‘श’ ऐका. दोन्ही स्वच्छ असतील, तर तुम्ही ऐकलेला बहुधा फीडबॅकच. ‘ईथर’ स्वच्छ आणि दुसरं फाटकं असेल, तर बहुधा कार्ट्रिज वाकडं बसलंय: प्रोट्रॅक्टरवर (जुळवणीच्या मोजपट्टीवर) 66 आणि 120.9 मिलिमीटरच्या बिंदूंना कार्ट्रिजच्या कडा रेषांशी समांतर करा. दोन्ही फाटकी असतील, तर आधी सुई साफ करा, मग सुईचं खाचेवर पडणारं वजन मोजा. उदाहरणार्थ, ऑडिओ-टेक्निका व्हीएम95ई या कार्ट्रिजला 2 ग्रॅम लागतात (1.8 ते 2.2). रेकॉर्ड झिजेल या भीतीने वजन 1.5 वर ठेवणारे बरेच आहेत. त्याने उलट सुई खाचेत उडते आणि भिंती खरवडते. फाटणं फक्त उजव्या चॅनलमध्ये असेल तर अँटीस्केट (सुईला आत ओढणाऱ्या जोराला तोलणारी रचना) कमी पडतंय. हे सगळं करूनही तेच ऐकू आलं, तर प्रत झिजलेली आहे किंवा प्रेसिंग खरंच सदोष, आणि मग मी तुमचं मान्य करेन.

ईएमआयचा मुद्दा मला गंभीर वाटतो. बँडची पहिली ईपी (तीन-चार गाण्यांची छोटी रेकॉर्ड) एडिनबराच्या फास्ट प्रॉडक्ट या छोट्या कंपनीने 1978 मध्ये काढली. नंतर बँड मोठ्या कंपनीकडे गेला, हे खरंच. पण मुखपृष्ठ बघा: काउबॉय हसून हस्तांदोलन करतोय, आणि मजकूर सांगतो की समोरचा फसला याचा त्याला आनंद आहे. खरेदी-विक्रीत सगळेच अडकलेले आहेत, स्वतःसकट, हेच हा अल्बम बोलतो. बाहेर उभं राहून बोट दाखवत नाही.

एक चूक मात्र माझी. ‘तडजोड न करणारा बँड’ असं मी लिहिलं होतं. बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या संगीत कार्यक्रमासाठी ‘ॲट होम ही’ज अ टूरिस्ट’ या गाण्यातल्या ‘रबर्स’च्या (कंडोमच्या) जागी ‘पॅकेट्स’ गायला ते तयार होते. बीबीसीला ‘रबिश’ हवं होतं, तिथे ते निघून गेले. वाक्य दुरुस्त करतो.

चाचणी झाली की कार्ट्रिजचं मॉडेलही कळवा.