गुरुवारचं मत आणि आजोबांचं फूल

फ्रिजच्या दारावर गेले काही आठवडे तीन पोल कार्डं लावून ठेवलीयत, नवऱ्याचं, माझं आणि पोराचं. पोरगा जूनमध्ये सोळाचा झाला आणि या मतदानात सोळा वर्षांच्या मुलांनाही मत आहे, त्यामुळे तो आयुष्यातलं पहिलंच मत स्कॉटलंड ब्रिटनपासून वेगळा करायचा की नाही यावर देणार. येत्या गुरुवारी, १८ सप्टेंबर २०१४ ला. प्रश्न एका ओळीचा आहे, स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का, हो किंवा नाही. ज्या बाजूला जास्त मतं ती जिंकली, बाकी काही अट नाही.

भारतातून सारखे मेसेज येतायत, तू काय करणार. काहीजण तर सरळ लिहितात की इंग्रजांपासून सुटायचंय म्हटल्यावर विचार कसला करतेस. म्हणून हे लिहायला बसले. आपल्या ४७ सालाशी याची तुलना करू नका प्लीज. १७०७ मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंडची पार्लमेंटं एक झाली, लोकांना कुणी विचारलं नव्हतं हे खरं, पण त्यानंतर साम्राज्य चालवायला स्कॉटिश माणसं पुढेच होती. मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन स्कॉटिश, विल्सन कॉलेजवाले विल्सनही स्कॉटिश. इथल्या शहाण्या माणसांना हे माहीत आहे आणि ते स्वतः तसं बोलून दाखवतात.

मग 'हो'वाल्यांचं म्हणणं काय? पोराच्या तोंडून ऐकलं तर असं, की आपण निवडतो एक आणि राज्य करतो दुसरा. २०१० ला स्कॉटलंडच्या ५९ खासदारांमध्ये कन्झर्व्हेटिव्हचा फक्त एक निवडून आला तरी पंतप्रधान त्यांचाच. पोल टॅक्स, म्हणजे माणशी सारखाच कर, इंग्लंडच्या एक वर्ष आधी, १९८९ मध्ये, इथे लावला, तो राग आमच्या बिल्डिंगमधल्या पन्नाशीच्या लोकांच्या बोलण्यात अजून जसाच्या तसा आहे. ट्रायडंट या अण्वस्त्रांच्या पाणबुड्या ग्लासगोपासून तासाभराच्या अंतरावर फासलेनला उभ्या, आणि त्या तिथे ठेवायच्या की नाही हे ठरवणार लंडन. हे सगळं मला पटतं, अगदी मनापासून पटतं. त्यात आपल्या लोकांच्या जिव्हाळ्याचा मुद्दा म्हणजे व्हिसा. शिक्षण झाल्यावर इथे राहून नोकरी करायचा व्हिसा लंडनने २०१२ ला बंद केला, माझ्या ओळखीची दोन मराठी मुलं चांगल्या मार्कांनी मास्टर्स करून सामान बांधून परत गेली. स्कॉटलंडला माणसं हवीयत, 'हो'वाल्यांनी तो व्हिसा परत सुरू करू असं लिहूनच दिलंय.

पण एनएचएसबद्दल, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेबद्दल, जे चाललंय ते मला नाही पटत. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, ब्रेकमध्ये रोज हाच विषय, की 'नाही' आलं तर आपली आरोग्यसेवा विकली जाणार. अहो, आरोग्य खातं आजही पूर्णपणे एडिंबरातल्या पार्लमेंटच्या हातात आहे, म्हणूनच तर इथे प्रिस्क्रिप्शनला पैसे पडत नाहीत आणि इंग्लंडात पडतात. इंग्लंडने आपला खर्च कमी केला तर लंडनच्या ठरलेल्या फॉर्म्युल्याने आपल्याकडे येणारा पैसा कमी होऊ शकतो, एवढं त्यात तथ्य आहे. पण सत्तरीच्या पेशंटला घाबरवून मत मागणं बरं नाही, मग ते कुठल्याही बाजूने असो.

आणि माझं घोडं अडतं ते पैशापाशी. पाउंड राहणार का? इथल्या सरकारचे प्रमुख आणि 'हो'वाल्यांचे नेते सॅमंड म्हणतात राहणार, दोघे मिळून वापरू. लंडनचे तिन्ही मोठे पक्ष म्हणतात मिळून वगैरे काही नाही. न विचारता वापरता येईल, पनामा डॉलर वापरतो तसा, पण मग बँक बुडायला आली तर मागे उभं कोण राहणार? ऑगस्टच्या टीव्ही डिबेटमध्ये 'नाही'च्या प्रचाराचे प्रमुख डार्लिंगनी हेच परत परत विचारलं, दुसरा प्लॅन काय, आणि सरळ उत्तर आलं नाही. आमच्या घराचं कर्ज अजून एकोणीस वर्षं आहे, पाउंडात. पगार उद्या दुसऱ्या कुठल्या चलनात आला आणि ते घसरलं तर हप्ता कसा भरायचा, हे मी पोराला कागदावर मांडून दाखवलं. तो म्हणाला, "आई, तू एकोणीस वर्षांचा हिशोब करतेस, मला इथे साठ वर्षं राहायचंय." मला त्यावर उत्तर सुचलं नाही. तेलाच्या उत्पन्नाचंही तसंच, स्कॉटिश सरकारच्या स्वातंत्र्यावरच्या त्या जाडजूड पुस्तकात बॅरलला ११० डॉलर धरलेत आणि या आठवड्यात भाव शंभराच्या खाली आलाय. आरबीएस आणि लॉइड्स या बँकांनी तर सांगूनच टाकलंय की हो आलं तर नोंदणीचं ऑफिस इंग्लंडला नेऊ.

या सगळ्यात मला सारखे आजोबा आठवतायत. आम्ही फोंड्याचे. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात असंच मतदान झालं होतं, महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फुलावर शिक्का, केंद्रशासित म्हणून वेगळं राहायचं तर दोन पानांवर. आजोबा फुलाचे, त्यांचे सख्खे धाकटे भाऊ दोन पानांचे. घरात दोघंही मराठीच वाचणारे, एक 'गोमंतक' उघडून बसायचे आणि दुसरे 'राष्ट्रमत', आणि आजी सांगायची की दोन महिने दोघांची ताटं वेगवेगळ्या वेळेला वाढावी लागली. मुंबईत नोकरीला असलेल्या तिसऱ्या भावाला मतच नव्हतं, बाहेरच्या गोंयकारांना ते दिलंच नव्हतं, तो शेवटपर्यंत म्हणायचा की घर माझं पण आणि विचारलं फक्त तुम्हाला. आज आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजींचा मुलगा न्यूकॅसलला असतो, जन्म याच शहरातला, त्याला मत नाही. आणि फोंड्यात जन्मलेल्या, भारतीय पासपोर्टवाल्या मला आहे, कारण मी इथे राहते आणि कॉमनवेल्थची नागरिक आहे. जिन्यात आजी भेटल्या की मला थोडं अवघडल्यासारखं होतं, पण जो राहतो, टॅक्स भरतो, ज्याची मुलं इथल्या शाळेत जातात त्याने ठरवावं हेच मला बरोबर वाटतं.

आजोबांची बाजू ३४ हजार मतांनी हरली. तेव्हा त्यांना वाटलं सगळं संपलं. पण तीन महिन्यांच्या आत विलीनीकरणवाले बांदोडकरच निवडणूक जिंकून परत मुख्यमंत्री झाले, आणि वीस वर्षांनी, १९८७ ला, गोवा स्वतःचं राज्य झालं, जो पर्याय त्या मतपत्रिकेवर नव्हताच. विलीन झाला असता तर परत वेगळा झाला असता का? मला नाही वाटत. 'नाही' म्हटल्यावर पुढे कधीतरी 'हो' म्हणता येतं, 'हो' नंतर मागे फिरता येत नाही, आणि हाच विचार मला गुरुवारी 'नाही'कडे ढकलतोय.

पण याला इथलंच एक उत्तर आहे आणि ते फार बोचरं आहे. १९७९ ला स्कॉटलंडच्या वेगळ्या विधानसभेसाठी मतदान झालं, ५१.६ टक्के लोक हो म्हणाले, पण एकूण मतदारांच्या ४० टक्के हवेत अशी अट घुसडली होती म्हणून ते फुकट गेलं. त्या वेळीही सांगत होते की आत्ता नाही म्हणा, पुढे याहून चांगलं देऊ. पुढे म्हणजे केव्हा, तर परत विचारायला १९९७ उजाडलं, अठरा वर्षं. आत्ता तसंच चाललंय. दोन वर्षं लंडनचे नेते निवांत होते, गेल्या रविवारी एका पोलमध्ये 'हो' ५१ वर गेलं आणि बुधवारी तिन्ही मोठ्या पक्षांचे नेते कॅमरून, मिलिबँड, क्लेग तिघेही काम सोडून इथे धावत आले, जास्त अधिकार देतो म्हणून. मला त्याचा राग आलाय. तुम्हाला द्यायचेच होते तर भीती वाटेपर्यंत का थांबलात?

म्हणजे 'नाही' म्हणायचं तर या लोकांवर भरवसा ठेवून म्हणावं लागणार, आणि 'हो' म्हणायचं तर पाउंडाचं उत्तर न मिळता. आज रविवारी रात्रीपर्यंत माझा काटा 'नाही'कडे आहे, पण थोडासाच. नवरा पक्का 'नाही', पोराच्या जॅकेटवर निळा 'येस'चा बिल्ला. त्याला मी एकदाही काढ म्हटलं नाही आणि म्हणणारही नाही. आम्ही तिघं एकत्रच जायचं ठरवलंय, माझी ड्युटी पाचला संपते आणि मतदान रात्री दहापर्यंत आहे. घरी येऊन एकत्र जेवायचं, कुणी कुठे फुली मारली ते विचारायचं नाही, पण ताटं एकाच वेळी वाढायची हे मी दोघांना बजावून सांगितलंय.

गोव्यातल्या मित्रमैत्रिणींनो, तुमच्या घरात ६७ ला कोण फुलाचं आणि कोण पानांचं होतं, आणि नंतर ती माणसं काय म्हणायची, ते खाली लिहा. गुरुवारच्या आत लिहा, मला खरंच वाचायचंय.