तलावपाळीचे बुडबुडे आणि सैबेरियाचे बुडबुडे

मावशीने काल रात्री साडेअकराला तो मेसेज पाठवला. वर स्वतःची एक ओळ: 'विचार करण्यासारखं आहे.' मेसेज म्हणतो, आर्क्टिकची गोठलेली जमीन वितळतेय ती निसर्गाच्या चक्रामुळे. तिथल्या तळ्यांतून मिथेन (पृथ्वी तापवणारा वायू) हजारो वर्षं निघतोय. तो बारा वर्षांत आपोआप नाहीसा होतो. उलट सैबेरियात गहू पिकेल. आणि वर, 'आपल्या तलावपाळीतूनही बुडबुडे येतात, म्हणून ठाणं बुडालं का?' शेवटी सल्ला: सोसायट्यांनी सोलरवर पैसे घालवू नयेत. मावशी घोडबंदर रोडच्या सोसायटीत कमिटीवर आहे आणि रविवारच्या सभेत गच्चीवरच्या सोलरचाच विषय आहे. म्हणून हा खटाटोप.

तलावपाळीपासूनच सुरू करतो, कारण ग्रुपवर हसण्याच्या इमोजी त्याच वाक्याला पडल्यात. गडकरी रंगायतनसमोर कठड्याला टेकून उभं राहिलं तर बुडबुडे दिसतात, कबूल. तळाच्या गाळात पानं, शेवाळ, निर्माल्य कुजतं. त्यातला कार्बन झाडापाल्याने अलीकडेच हवेतून घेतलेला असतो. मिथेन तो मिथेनच, त्याचं कौतुक नाही. पण कार्बन या खिशातला त्या खिशात गेला.

सैबेरियात फुटतेय ती जुनी ठेव. २००६ साली संशोधक केटी वॉल्टर आणि सहकाऱ्यांनी 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत तिथल्या तळ्यांचा अभ्यास छापला. वितळत्या काठाजवळ जिथे बुडबुडे सर्वांत जोरात येतात, तिथल्या मिथेनचं वय त्यांनी कार्बन-१४ वरून (हा किरणोत्सारी कार्बन काळानुसार घटत जातो, त्यावरून वय कळतं) काढलं: ३५,००० ते ४३,००० वर्षं. मॅमथ हिंडत होते तेव्हाचा पालापाचोळा आज वायू होऊन वर येतोय. जमिनीतला बर्फ वितळला की जमीन खचते, खड्ड्यात पाणी साचून तळं होतं, आणि त्या पाण्याच्या उबेने तळाखालची जमीन आणखी खोल वितळते. तिथल्या चिखलात ऑक्सिजन नसतो, म्हणून सूक्ष्मजीव मिथेन बनवतात. हिवाळ्यात हे बुडबुडे बर्फात अडकून पांढऱ्या पापडांच्या चळतीसारखे दिसतात. भोक पाडून काडी लावली तर भडका उडतो. त्याच अभ्यासात, १९७४ ते २००० या काळात तळी पसरल्यामुळे त्या भागातला मिथेन ५८ टक्क्यांनी वाढल्याचा हिशेब आहे. तलावपाळी एवढ्या वर्षांत पसरली का, हे ग्रुपवरच्या काकांनी सांगावं.

'हजारो वर्षं निघतोय' हे अर्धं खरं. हिमयुग संपताना अशी तळी खूप फसफसली होती. पण तेव्हाचं तापणं हजारो वर्षांत झालं. आताचं शे-दीडशे वर्षांत, आणि तेही आपण जाळलेल्या कोळशा-तेलामुळे. उत्तरेच्या या जमिनीत साधारण १,५०० अब्ज टन कार्बन गोठून पडलाय, म्हणजे आज हवेत आहे त्याच्या जवळपास दुप्पट.

बारा वर्षांचा आकडाही साधारण बरोबर आहे. पण नाहीसा होतो म्हणजे काय? त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. शिवाय पहिल्या वीस वर्षांत मिथेन त्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापवतो. बादलीला भोक आहे म्हणून वरचा नळ उघडा ठेवायचा, असला हा युक्तिवाद.

गव्हाबद्दल काय बोलणार. जिथे जमिनीत निम्म्याहून जास्त बर्फच आहे, तिथे आज शेत आणि उद्या तळं.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. 'मिथेन बॉम्ब फुटणार, दहा वर्षांत सगळं संपणार' असे जे उलट टोकाचे व्हिडिओ फिरतात, तेही फेकाफेकीच. हे वितळणं दशकानुदशकं चालणारं आहे, आणि हवेतला वाढलेला मिथेन आज मुख्यतः गुरं, भातशेती, कोळसा-गॅस आणि कचऱ्यातून येतो, सैबेरियातून नाही.

तेव्हा मावशी, रविवारी सैबेरिया बाजूला ठेव. सोलरला विरोधच करायचा असेल तर कोटेशन, सबसिडी, गच्चीची गळती यावर कर. गळतीचा मुद्दा तर मलाही पटतो. वॉटरप्रूफिंगआधी पॅनेल बसवली तर पुढच्या पावसाळ्यात वरच्या मजल्यावरचे लोक तुलाच फोन करतील.