पन्नास किलोचं पोतं

काल घराच्या बांधकामासाठी सिमेंटची बारा पोती आली. तिसरा मजला, लिफ्ट नाही. पोती चढवणारे काका बऱ्हाणपूरकडचे, मराठी बोलणारे. (आपण हमाल म्हणतो, इंदुरात हम्माल.) पंच्याची चुंबळ डोक्यावर आणि त्यावर पन्नास किलो.

सहाव्या पोत्यानंतर त्यांना म्हटलं, "काका, बसा घटकाभर, पाणी आणते."

"पाणी द्या ताई, बसत नाही. बसलो की कंबर धरते."

मी मागून हाक मारली तर मान वळली नाही, अख्खा माणूस वळला! "मान गेली सियागंजात, गुडघे गेले छावणीच्या मंडीत," म्हणाले (दोन्ही इंदूरचे बाजार), आणि स्वतःच हसले. खिशात दुखण्याच्या गोळ्या. सकाळी एक, संध्याकाळी एक, वर्षानुवर्षं. या गोळ्या अशा खाल्ल्या की पोट आणि किडनी दोन्ही जाऊ शकतात, हे मेडिकलवाल्याला ठाऊक नसेल?

आयुष्मान कार्ड आहे त्यांच्याकडे. पाच लाखांपर्यंतचा इलाज, पण दवाखान्यात भरती झालात तर. कंबरदुखीला कोण भरती करून घेतो? तिला लागतो व्यायाम, शेक, विश्रांती. हातावर पोट असलेल्या माणसाला यातलं काय परवडतं ते सांगा.

2025 पर्यंत लागू असलेल्या फॅक्टरी अ‍ॅक्ट 1948 च्या कलम 34 मध्ये इजा होईल इतकं वजन कामगाराला उचलायला लावू नये असं होतं. पण माझा जिना म्हणजे काही कारखाना नव्हे. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या सूत्रात सगळं अनुकूल असलं तरी 23 किलोची मर्यादा आहे. विलायतेत सिमेंटची पिशवी बहुधा 25 किलोची असते. आपल्याकडे 50 हा आकडा जणू देवानेच ठरवून दिलाय. "उचलायची पद्धत शिका" हा सल्ला मला म्हणूनच पटत नाही. आधी पोतं हलकं करा, मग पद्धत शिकवा.

मोठ्या उत्साहाने हे काकांना सांगितलं. ते म्हणाले, "अर्ध्या पोत्याला अर्धेच पैसे देतील ताई. जिना मात्र दुप्पट चढायचा."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मजुरी नुसत्या वजनावर असली तर हलकं पोतंही गरिबाच्याच मुळावर येणार. भाव खेपेवर हवा, आणि मजल्याचे पैसे वेगळे.

परवा वाळू यायचीय. छोट्या घमेल्यांतून न्यायची, दर मजल्याचे पैसे वेगळे, असं ठेकेदाराला सांगितलंय. तो कुरकुरतोय.