ओटीपी दिलाच नव्हता

आमच्या बेळगाव-खानापूरकडे कुणाच्या खात्यातून पैसे गेले, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "ओटीपी कुणाला दिलास?" बँकेत विचारतात, पोलीस ठाण्यात विचारतात, घरची पोरंही विचारतात. चोराची चौकशी त्यानंतर. ओहायोत बसून फोनवर हे ऐकताना दर वेळी चीड येते, कारण बऱ्याचदा ओटीपीचा त्यात काही संबंधच नसतो.

माझ्या मामांचंच घ्या. खानापूर तालुक्यातल्या जमिनीचं वाटणीपत्र रजिस्टर झालं, अंगठे उठले, झेरॉक्सा चार ठिकाणी गेल्या. काही आठवड्यांनी पासबुक भरून आणलं तर दहा-दहा हजार काढल्याच्या ओळी, आणि प्रत्येकीपुढे 'एईपीएस'. मामा आयुष्यात एटीएमकडे फिरकलेले नाहीत. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "अंगठा तुमचाच लागलाय." आता हा अंगठा कसला, तर शेतात राबून रेषा झिजलेला, रेशन दुकानातल्या मशीनवर तीनतीनदा दाबला तरी लागत नाही. मामा त्या बाईंना म्हणाले, "तांदूळ घ्यायला लागत नाही, पैसे काढायला बरा लागला की!" आणि मला फोनवर म्हणाले, "सगळे ओटीपी ओटीपी करायलेत, मला तो आलाच नाही की रे."

येणारच नव्हता. एईपीएस म्हणजे आधारवर चालणारे बँक व्यवहार. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर एका वेळी 10,000 रुपयांपर्यंत रक्कम निघते. एटीएम नसलेल्या गावात म्हाताऱ्यांची पेन्शन दारात पोचावी म्हणून केलेली ही सोय, आणि ती चांगलीच आहे. पण 2023 साली कर्नाटकात अशा चोरीच्या तक्रारी एकामागून एक आल्या. नोंदणी खात्याच्या 'कावेरी' संकेतस्थळावरच्या दस्तांवरून ठसे उचलले गेले असावेत, असा संशय होता. मामांचा ठसा कुठून गेला ते आजवर कुणी सांगितलेलं नाही.

आधारची झेरॉक्स ऊठसूट कुणालाही देऊ नका, हे आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयानेच मे 2022 मध्ये सांगितलं होतं. दोनच दिवसांत केंद्राने ती सूचना मागे घेतली. म्हणे, लोक चुकीचा अर्थ काढतील. सीमाभागातल्या माणसाला तर झेरॉक्स दोन्हीकडे द्यावी लागते. बायकांना महिन्याला पैसे देणाऱ्या गृहलक्ष्मी योजनेसाठी ग्राम वन या सरकारी सेवा केंद्रात कर्नाटकाला, आणि सीमाभागातल्या 865 गावांना महाराष्ट्राने 2023 मध्ये आरोग्य योजना लागू केली त्यासाठी महाराष्ट्राला. दोन्ही सरकारं आम्हाला आपलं म्हणतात, कागद मात्र दोघांनाही हवेत. शेवटचे चारच आकडे दिसणारं 'मास्क्ड' आधार मिळतं, ते द्यावं. काउंटरवरचा माणूस तोंड वाकडं करतो. करू दे.

आता गावाकडच्या वादाबद्दल. आमच्या ग्रुपवर 1 नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटकाच्या राज्योत्सवाच्या आणि आमच्या काळ्या दिनाच्या आसपास उताऱ्याची भाषा, पाट्यांची भाषा यावर रणधुमाळी असते. त्यात तरुण मंडळींचा एक सूर हल्ली वाढलाय : सगळं मोबाईलवर आलं, भाषेचं काय घेऊन बसलात? मला हे पटत नाही. रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम पाहा. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याच कुणाची असेल, आणि बँकेचा मेसेज मिळाल्यापासून कामाच्या 3 दिवसांत कळवलं, तर ग्राहकाचं नुकसान शून्य. 4 ते 7 दिवस लागले तर थोडा भुर्दंड त्याच्या माथी. त्यानंतर बँकेच्या धोरणावर. म्हणजे मेसेज आला की दिवस मोजायला सुरुवात. आणि मामांना मेसेज येतो इंग्रजीत. बँकेचे कागद इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक भाषेत हवेत असा दंडक आहे, पण तिकडची प्रादेशिक भाषा कन्नड. चौथीपर्यंत मराठी शाळेत गेलेल्या माणसाला यातलं काय वाचता येणार? पाटीसाठी आपण रस्त्यावर उतरलो, लाठ्या खाल्ल्या. बँकेच्या एसएमएससाठी एक साधं निवेदन कधी दिलं का? महाराष्ट्र एकीकरण समितीच्या लोकांनी जरूर विचार करावा.

"तुमच्या अमेरिकेत असलं होत नसेल," हे वाक्य हमखास ऐकू येतं. होतं की, धो धो होतं. 2017 मध्ये एक्विफॅक्स या पतनोंदी, म्हणजे कुणी किती कर्ज घेतलं-फेडलं याच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीतून सुमारे 14.7 कोटी लोकांची माहिती गेली, त्यात नऊ आकडी सोशल सिक्युरिटी क्रमांकही होते. इथे कार्डावर ऑनलाइन खरेदी करताना सहसा ओटीपीही लागत नाही. त्या बाबतीत भारत पुढे आहे. 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर लगेच फोन केला तर पुढच्या खात्यात गेलेली रक्कम तिथेच गोठवता येते, हीसुद्धा कौतुकाची गोष्ट.

पण एक गोष्ट इथली घ्यावी अशी आहे. आपली पतनोंद स्वतःच गोठवून ठेवण्याचा हक्क. सप्टेंबर 2018 पासून तो देशभर फुकट आहे. फ्रीझ असताना माझ्या नावावर नवं कर्ज काढायचं तर देणाऱ्याला माझी नोंदच दिसत नाही. गाडीसाठी कर्ज हवं होतं तेव्हा मी ती थोड्या दिवसांपुरती उघडली, काम झाल्यावर पुन्हा बंद. शिवाय ओळख चोरीला गेल्याचा रीतसर सरकारी अहवाल पुराव्यांसह दिला, की खोटी नोंद कंपनीला कामाच्या 4 दिवसांत अडवावी लागते.

आपल्याकडे आधारचं बायोमेट्रिक लॉक आहे, म्हणजे आपला ठसा कुठेच चालू नये असं बंद करून ठेवणं, पण ते ज्याचं त्याने करायचं. त्यासाठी आधारला जोडलेला मोबाईल हवा, आणि मामींचा जोडलेला नंबर नातवाचं जुनं सिम निघालं. बरं, लॉक केलं तर रेशनच्या दिवशी उघडायचं कुणी? माझं म्हणणं उलट आहे : एईपीएस प्रत्येक खात्यावर मुळात बंदच असावं, ज्याला हवं त्याने शाखेत एकदा सांगून सुरू करून घ्यावं. सध्या दार उघडं ठेवायचं सरकारने आणि चोर शिरला की दोष घरमालकाचा, असं चाललंय.

तोवर कुणाचे पैसे गेलेच तर आधी 1930, मग बँकेत लेखी अर्ज आणि त्यावर शिक्का मारलेली पोच. पोच नसेल तर 3 दिवसांत कळवल्याचा पुरावा काय दाखवणार? जिल्ह्याच्या सीईएन ठाण्यात (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे पाहणारं पोलीस ठाणं) माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66-सी नाव घेऊन सांगा. दुसऱ्याची ओळख वापरण्याला त्यात 3 वर्षांपर्यंत कैद आहे. आधार कधी, कशासाठी वापरलं गेलं हे प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर दिसतं, त्याची प्रिंट काढून अर्जाला जोडा. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते दूरसंचार खात्याच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर पाहा. बँकेने 30 दिवस दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. मामांचे पैसे तिथे तक्रार गेल्यावरच परत आले.

आणि पतअहवाल मागवा. सिबिलसह पतनोंदी ठेवणाऱ्या भारतातल्या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. न काढलेलं कर्ज त्यात दिसलं तर तक्रार करा. 30 दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे 100 रुपये तुम्हाला द्यायचे, असा नियम 2024 पासून आहे. आमच्या भागात ते कुणी मागितल्याचं अजून ऐकलं नाही. मागा की!