अजून एक पान टाक

घरात कुणाला सर्दी झाली हे शिंकेवरून नव्हे, गॅसवर चढलेल्या पातेल्यावरून ओळखावं. नाक जेमतेम चोंदायला लागलेलं असतं, तोवर काढा उकळू लागलेला असतो.

सुरुवात अगदी सालस असते: तुळशीची चार पानं, ठेचलेलं आलं, मिरीचे दोन दाणे. एवढ्यावर भागलं तर माझी काही तक्रार नाही. पण पातेल्यावरून जाणारं माणूस त्यात काहीतरी टाकल्याशिवाय पुढे सरकत नाही. बायको हळद टाकते. आत्या ज्येष्ठमध टाकते. मेहुणा फोनवरून गुळवेल टाकायला लावतो. त्यातलं काही कमी करा, असं मात्र कोणी म्हणत नाही.

या सगळ्यांचा म्होरक्या अडुळसा. त्याचं लांबट, टोकदार पान दिसायला अगदी निरुपद्रवी. पहिला घोट घेतला की क्षणभर काहीच होत नाही, आपण उगाच घाबरलो असं वाटतं. मग जिभेच्या मुळाशी कडवटपणा जागा होतो आणि थेट कानापर्यंत चढतो. अडुळशातल्या व्हॅसिसीन या द्रव्यावरूनच पुढे ब्रोमहेक्झीन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं. तेव्हा त्याच वंशातलं गोड सिरप घेतो, असं मी आत्याला सुचवून पाहिलं.

"अरे, मूळपुरुष घरात असताना पणतवंडाला कशाला त्रास?" आत्या म्हणाली आणि पेला पुढे केला.

बायकोचा मार्ग शास्त्रीय. हळदीत कर्क्युमिन असतं जेमतेम काही टक्के, त्यातलंही अंगी फारसं लागत नाही; मिरीतल्या पायपरीनमुळे त्याचं शोषण वाढतं. हे कळल्यापासून आमच्याकडे मिरी मोजून पडत नाही.

मीही थोडं वाचलं होतं. म्हटलं, "अगं, हे नाक गळणं, घसा सुजणं, ताप येणं, यातला बराचसा उद्योग विषाणूचा नाहीच. आपली प्रतिकारशक्तीच त्याच्याशी लढताना हे करते. ती एवढी जोरात असताना आणखी वाढवायची कशाला?"

"अहो, वाढली तर लवकर आटपेल तिचं," बायको म्हणाली. यावर माझ्याकडे फक्त शिंक होती.

साधी सर्दी आणणारे विषाणू दोनशेच्या वर आहेत आणि बहुतेकांचा मुक्काम सात ते दहा दिवसांचा. त्यामुळे शेवटच्या दिवशी पातेल्यात जे पान पडलं असेल, त्याला सगळं श्रेय मिळतं आणि पुढच्या सर्दीला ते कायमचं भरती होतं. गरम पाण्याचं कौतुक कोणी करत नाही. घशाला खरा आराम त्याचाच असावा, असा माझा संशय आहे.

शेवटी डॉक्टरांनीच हात घातला. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. ज्येष्ठमधातलं ग्लिसरायझीन रक्तदाब वाढवतं, पोटॅशियम उतरवतं. म्हणून तो बंद. गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आल्याची उदाहरणं कोविडच्या काळात डॉक्टरांनी नोंदवली आहेत. म्हणून तीही बंद. मी आनंदाने घरी आलो आणि मग लक्षात आलं, की सगळ्या पातेल्यात गोड असा ज्येष्ठमध एकटाच होता.

त्याच्या जागी आत्याने अडुळसा दुप्पट केला आहे.