कीबोर्ड जोडला म्हणून टॅबलेटचा लॅपटॉप होत नाही
तुमच्या लेखात म्हटलंय की कीबोर्ड जोडला की टॅबलेट लॅपटॉपची जागा पूर्ण घेतो. मला नाही पटत. मी जळगाव जिल्ह्यातल्या सावद्यात केळी व्यापाऱ्यांचे हिशोब लिहितो. टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं, अँड्रॉइड टॅबलेटवर किंवा आयपॅडवर थेट बसतच नाही. त्यांवर एक्सेल उघडतं, पण मॅक्रो, म्हणजे तीच ती कामं आपोआप करणाऱ्या आज्ञा, चालत नाहीत. आणि ट्रकवार वजन, घट, भाव अशी माझी सगळी शीट मॅक्रोवरच उभी आहे. मुलीला मात्र टॅबलेटच घेऊन दिला. पीडीएफवर पेनने खुणा करते, लाइट गेली तरी अभ्यास चालू राहतो. पण प्रोजेक्ट टाइप करायचा म्हटलं की रात्री माझा लॅपटॉप मागते. इकडे केळीचे पैसे हातात आले की वर्षातून एकदाच अशी वस्तू घेतली जाते. म्हणून कृपया ‘पूर्ण’ हा शब्द तेवढा काढा.